कादंबरी हे एका नायिकेचे नाव आहे

#इतिहासधागा

१/
रत्नागिरी नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली १८५७ साली. म्हणजे रत्नागिरीत वाचनालय आधी आले आणि त्याच्या कपाटात ठेवण्याजोगी मराठी कादंबरी निर्माण होण्यास त्यानंतर तब्बल २९ वर्षे लागली. मात्र एकदा ती आली आणि थोड्याच काळात वाचकांना अद्भुतरम्य प्रेमकथांचे असे काही वेड लागले की शहाण्यासुरत्या मंडळींना त्याची धास्ती वाटू लागली. आजचा धागा त्या वेडाच्या इतिहासाविषयी.

२/
हा विषय आजच का? जानेवारी २०२५ मध्ये रिबेका यॅरोस या अमेरिकन लेखिकेची 'ओनिक्स स्टॉर्म' ही कादंबरी आली. ड्रॅगन, युद्धविद्यालय आणि प्रेम असा तिचा मसाला. मालिकेतील हा तिसरा भाग पहिल्याच आठवड्यात २७ लाखांच्या घरात खपला. या प्रकाराला आता 'रोमँटसी' असे नाव पडले आहे. आपल्याकडेही महाविद्यालयीन मुलामुलींच्या हातात ही जाडजूड पुस्तके दिसतात. आणि त्यांच्याकडे पाहून नाक मुरडणारेही दिसतात. 'हे काय वाचन झाले?' हा प्रश्न मराठीत किमान दीडशे वर्षे जुना आहे.

३/
प्रारंभ शब्दापासून करू. नॉव्हेलला बंगालीत आणि हिंदीत 'उपन्यास' म्हणतात, गुजरातीत 'नवलकथा'. मराठी आणि कन्नड या दोन भाषांनी मात्र 'कादंबरी' हा शब्द स्वीकारला. हा शब्द म्हणजे मुळात एका मुलीचे नाव. सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने रचलेल्या संस्कृत गद्यकथेची ती नायिका. आपण जेव्हा कोणत्याही गंभीर, वास्तववादी, सामाजिक पुस्तकाला 'कादंबरी' म्हणतो, तेव्हा नकळत एका गंधर्वकन्येचे नाव घेत असतो.

४/
बाणाच्या या कथेत काय आहे? मनुष्यवाणीने बोलणारा पोपट, शाप, पुनर्जन्म, पृथ्वीवर अवतरलेला चंद्र आणि दोन प्रेमकथा. महाश्वेता ही गंधर्वकन्या पुंडरीक नावाच्या तपस्वी तरुणावर अनुरक्त होते. तो विरहाने प्राण सोडतो आणि पुनर्मीलनाच्या आश्वासनावर ती तप करीत राहते. तिची सखी कादंबरी निश्चय करते की मैत्रिणीचे दुःख सरत नाही तोवर आपण विवाह करणार नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर ही शंभर टक्के रोमँटसी आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी आपला निर्णय आपण घेणारी मुलगी आहे.

५/
पुढची गोष्ट मालिकांच्या चाहत्यांना विशेष भिडेल. बाणभट्टाचे निधन झाले तेव्हा कथा अपूर्ण होती. ती पूर्ण केली त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने. उत्तरार्धाच्या आरंभी तो सांगतो की वडिलांच्या वाणीबरोबरच कथेचा प्रवाहही खंडित झाला, ती अपुरी राहिल्याचे दुःख सज्जनांना होत होते, म्हणून मी हे काम हाती घेतले. कवित्वाच्या अभिमानाने नव्हे. अर्धवट राहिलेल्या कथेसाठी हळहळणारे वाचक तेराशे वर्षांपूर्वीही होते, आणि त्यांच्यासाठी लेखणी उचलणारा एक वारसही होता.

६/
आता रत्नागिरीकडे परत येऊ. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली याच गावी झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृताचे आणि गणिताचे जाणकार. टिळकांच्या बालपणाची एक आठवण चरित्रांतून सांगितली जाते. लहानग्या बाळने बाणाची 'कादंबरी' वाचायला मागितली. वडिलांनी एक अवघड गणित घातले आणि ते सुटले तर पुस्तक मिळेल असे सांगितले. बाळने गणित सोडवले. या गोष्टीत आपले लक्ष नेहमी गणिताकडे जाते. बक्षीस कोणते होते याकडेही एकदा पाहावे.

७/
संस्कृत येणाऱ्या मुलाला ही वाट खुली होती. मराठी मुलीचे काय? तिच्यासाठीही एक वाट होती, पण पोथीची. एकनाथांनी १५७१ साली काशी येथे 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. लग्न जुळावे म्हणून उपवर मुलींनी त्याचे पारायण करण्याची प्रथा आजही अनेक घरांत आढळते. या ग्रंथाची नायिका काय करते? वडीलभावाने ठरवलेले स्थळ तिला मान्य नाही. ती स्वतः निवडलेल्या पुरुषाला पत्र पाठवते, त्याला बोलावून घेते आणि त्याच्या रथात बसून निघून जाते.

८/
थोडे थांबून या विसंगतीचा विचार करा. जे कृत्य घरातील मुलीने केले असते तर घर हादरले असते, त्याच कृत्याची कथा तिला देवापुढे बसून वाचायला सांगितली जात होती. स्वयंवराख्यानांची ही परंपरा मराठीत फार जुनी आहे. महानुभाव कवी नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' तेराव्या शतकातले, रघुनाथ पंडितांचे नलदमयंतीचे आख्यान त्यानंतरचे. निवड करणारी नायिका मराठी मनाला परकी कधीच नव्हती. तिला केवळ देवत्वाचे संरक्षण लागत असे.

९/
१८२८ मध्ये रत्नागिरीच्या वाचनालयाचे दार उघडले तेव्हा छापील मराठी पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याच वर्षी सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आले, इसापाच्या नीतिकथाही आल्या. छापील गद्याचे काम उपदेश करणे, हे गृहीतच होते. 'यमुनापर्यटन' याच वृत्तीतून आली. हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडवणारी ती कादंबरी आहे, आणि विधवाविवाहाचा कायदा त्याआधी एकच वर्ष, १८५६ मध्ये, संमत झाला होता. वास्तव, सुधारणा, उपदेश असा तिचा ऐवज.

१०/
मराठी कादंबरी याच रस्त्याने पुढे गेली असती, असे वाटू शकते. तसे घडले नाही. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि वाचकांनी आपला कौल दिला. १८६६ मध्ये हळब्यांचीच 'रत्नप्रभा', १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. नावे पाहा, सगळ्या नायिका. पुढील काही दशके या धाटणीच्या पुस्तकांची रीघ लागली. याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणत होते आणि वाचकांची तहान वाढतच होती.

११/
या कादंबऱ्यांचे विश्व कसे होते? काल्पनिक राज्ये, रूपगुणसंपन्न राजपुत्र, सज्जन प्रधान आणि कपटी प्रधान, भुयारे, निबिड अरण्ये, वेषांतर, योगी, मायावी विद्या. प्रेमिकांची किंवा पतिपत्नींची ताटातूट होते. संकटांमागून संकटे येतात. शेवटी दुष्टांना शासन आणि बिछडलेल्यांचे मीलन. भाषा संस्कृतप्रचुर, वर्णने लांबलचक, उपमांची खैरात. आज वाचताना दम लागतो हे खरे. परंतु त्या काळच्या वाचकाला हा वेग नवा होता, आणि पुस्तक एकांतात, आपल्यापुरते, मनातल्या मनात वाचण्याचे सुखही नवे होते.

१२/
आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा कागद: 'मंजुघोषा'ची प्रस्तावना. अद्भुत का लिहिले याचे कारण रिसबुडांनी त्यात दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्या लोकांतील विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुणही आढळत नाहीत आणि दोषही नाहीत. रोज दिसते तेच लिहावे तर त्यात रंजक काहीच निघणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय घेणे भाग पडते.

१३/
हे वाक्यांमागचे वास्तव काय होते? मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी आणि मुलाचे सोळाच्या आत. १८६० च्या दंडसंहितेनुसार संमतिवयाची मर्यादा होती १० वर्षे. स्वतः टिळकांचा विवाह १८७१ मध्ये, त्यांच्या पंधराव्या वर्षी झाला. अशा समाजात दोन अनोळखी तरुण भेटले, एकमेकांना आवडले, अडथळे आले आणि त्यांनी निर्णय घेतला, ही साधी गोष्ट वास्तववादी पद्धतीने लिहायची कुठे? तिला घडायला जागाच नव्हती. म्हणून तिला काल्पनिक राज्यात, अरण्यात, भुयारात जावे लागले.

१४/
इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मला रिसबुडांची ही कबुली फार मोलाची वाटते. अद्भुतरम्य कथेला पलायनवाद म्हणण्याची पद्धत आहे. पण माणसे कुठून पळत आहेत हे त्यांच्या पळण्याच्या दिशेवरून कळते. १८६० च्या दशकातील मराठी वाचक जर पुन्हा पुन्हा निवडीच्या, भेटीच्या आणि पुनर्मीलनाच्या कथा मागत असेल, तर त्याच्या घरात नेमकी कशाची उणीव होती, याचा तो अप्रत्यक्ष पुरावा आहे. अशी उणीव सरकारी दप्तरात नोंदवली जात नाही.

१५/
रत्नागिरी जिल्ह्यापुरता एक पदर आणखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांना सर्वाधिक मनुष्यबळ पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रभागी होता. पुरुष मुंबईत, बायकामुले गावी. मधला दुवा म्हणजे मनिऑर्डर, पत्र आणि पावसाळ्यात बंद राहणारी आगबोट. ताटातूट आणि पुनर्मीलन हे कथानक इथल्या घरांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. शिमग्यात नमन-खेळ्यांतून संकासुराचे अद्भुत रूप अंगणात नाचत होतेच. अद्भुत आणि विरह, दोन्ही या भूमीच्या ओळखीचे.

१६/
अर्थात येथे सावधगिरी हवी. गिरणीकामगाराच्या घरातील स्त्री 'मुक्तामाला' वाचत बसली होती असे चित्र रंगवणे चूक ठरेल. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. छापील कादंबरी वाचणारा वर्ग लहान, शहरी, बहुतांशी उच्चवर्णीय आणि पुरुषांचा होता. पण पोथी लावण्याच्या सवयीमुळे एक वाचणारा आणि दहा ऐकणारे ही रीत आपल्याकडे रुळलेली होती. पुस्तकाच्या खपाचा आकडा आणि कथेचा प्रसार या दोन गोष्टी म्हणूनच वेगळ्या मोजाव्या लागतात.

१७/
वेड वाढले तशी टीकाही आली. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' लिहिला. मराठी कादंबरीची ही पहिली मोठी चिकित्सा. त्यांनी त्या काळच्या अद्भुत कादंबऱ्यांना संभवनीयतेच्या कसोटीवर घासून पाहिले. असे कधी घडते काय, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. शीर्षकातील 'नावल' हा शब्दही लक्षात घ्या: १८७२ पर्यंत 'कादंबरी' हे नावही पक्के बसले नव्हते. म्हणजे प्रकाराला नाव ठरण्याआधीच त्याच्या चाहत्यांना नावे ठेवली गेली होती.

१८/
मराठ्यांची टीका निराधार होती असे नाही. या कादंबऱ्या साचेबंद होत्या, पात्रे एकसुरी होती. आणि एक गोष्ट आजच्या चाहत्यांनीही मान्य करावी. निवडीचे स्वप्न दाखवणाऱ्या या कथा नायिकेच्या पातिव्रत्याची परीक्षा घेण्यातही तितक्याच रमत असत. तिने सोसावे, वाट पाहावी, शुद्ध राहावे, मग फळ मिळावे. स्वातंत्र्याची ओढ आणि जुनी बंधने एकाच कथेत शेजारी शेजारी नांदत होती. आजच्या रोमँटसीतील मालकी हक्क गाजवणारा नायक पाहिला की हा पेच अजून सुटलेला नाही हे दिसते.

१९/
कथेबाहेरच्या जगात हा पेच न्यायालयात पोहोचला. १८८४ मध्ये मुंबईत रखमाबाईंविरुद्ध त्यांच्या पतीने दावा लावला. अजाणत्या वयात लागलेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, ही त्यांची भूमिका. शाळा लवकर सुटल्यावर त्यांनी मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरीच शिक्षण सुरू ठेवले होते. हे प्रकरण १८८८ पर्यंत चालले. १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ झाले. त्या विधेयकाला कडाडून विरोध करणाऱ्यांत टिळक अग्रभागी होते. सरकारने धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. लहानपणी ज्यांनी गणित सोडवून 'कादंबरी' मिळवली होती, तेच हे टिळक.

२०/
आता इंग्रजी बाजू. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लंडनचा लेखक (१८१४–१८७९). त्याची 'मिस्टरीज ऑफ लंडन' १८४४ पासून आठवड्याला एक पेनी किमतीच्या अंकांतून येत असे. विलायतेतील प्रतिष्ठित समीक्षकांनी त्याला बाहेर ठेवले, हिंदुस्थानातील वाचकांनी मात्र डोक्यावर घेतले. हरि नारायण आपट्यांच्या 'मधली स्थिती' (१८८५) या पहिल्या कादंबरीमागेही रेनॉल्ड्सची प्रेरणा होती. पुढे वास्तववादाचे अध्वर्यू ठरलेले आपटेही याच दारातून आत आले.

२१/
हे एकट्या महाराष्ट्राचे वेड नव्हते. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड उर्दूत येऊ लागले. १८८८ पासून देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' हिंदीत गाजू लागली. ही कथा वाचता यावी म्हणून लोक देवनागरी शिकले, अशी तिची ख्याती आहे. मग तिच्या संततीची कथा आली, मालिका लांबत गेली. मराठी, उर्दू, हिंदी अशा तिन्ही भाषांत आधुनिक गद्याचा मोठा वाचकवर्ग घडवण्यात अद्भुत आणि प्रेम यांच्या जोडीचा मोठा वाटा आहे.

२२/
मराठीतील या लाटेचे दुसरे पर्व विसाव्या शतकाच्या आरंभी आले. गोविंद नारायण दातारशास्त्री हे विद्वान शास्त्री, पण लिहिले काय? 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या रहस्यमय, अद्भुत कादंबऱ्या, आणि त्यांतही रेनॉल्ड्सचा आधार. दुसरे नाव नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८). शिकारीच्या नादात सिंहगडावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने १९१३ मध्ये 'वीरधवल' दिली. त्या पिढीच्या वाचकांच्या आठवणींत या पुस्तकाचे नाव वारंवार भेटते.

२३/
आणि येथे, इतिहासप्रेमी मित्रहो, गोष्ट तुमच्या-माझ्यापाशी येते. याच नाथमाधवांनी पुढे 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून शिवकाळावर कादंबऱ्यांची मालिका लिहिली. त्याआधी १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' आली होती. ती 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी ठरली. भुयारे तीच, वेषांतरे तीच, विरह तोच. काल्पनिक राज्याच्या जागी स्वराज्य आले, मायावी गुहेच्या जागी गड आला. वाचकाचे वेड तेच राहिले, त्याला नवा विषय मिळाला.

२४/
गड पाहून आपल्या अंगावर जो काटा येतो, त्याची मुळे थोडीफार या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत आहेत, हे मान्य करायला हवे. त्यात एक धोकाही आहे. कादंबरीने निर्माण केलेला प्रसंग पाहता पाहता 'इतिहास' म्हणून सांगितला जाऊ लागतो. पण ऋणही आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांसारखा कागदपत्रांचा कठोर उपासक १९०२ मध्ये 'कादंबरी' या विषयावर दीर्घ निबंध लिहितो, आणि अद्भुतरम्य कादंबरीला हिणवणाऱ्यांच्या रांगेत उभा राहत नाही. कल्पनेचे सामर्थ्य त्याला कळत होते.

२५/
वाचकांमधून लेखिका घडल्याचे एक सुंदर उदाहरण म्हणजे काशीबाई कानिटकर. जन्म १८६१, 'मुक्तामाला'च्याच वर्षी. नवव्या वर्षी लग्न. घरातील विरोधाला तोंड देत त्या वाचायला शिकल्या, पुढे कादंबरीकार झाल्या. १९२८ मध्ये त्यांची 'पालखीचा गोंडा' प्रसिद्ध झाली. त्यातही एक काल्पनिक संस्थान आहे, पण तेथे राज्यकारभार स्त्रिया चालवतात. जुन्या अद्भुत कादंबरीचे राज्य काशीबाईंनी घेतले आणि त्याच्या गादीवर वाट पाहणाऱ्या नायिकेऐवजी निर्णय करणारी स्त्री बसवली.

२६/
या साऱ्या पसाऱ्याचा गांभीर्याने मागोवा घेणाऱ्या अभ्यासकांत कुसुमावती देशपांडे यांचे नाव ठळक आहे. त्यांचा 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा ग्रंथ १९५३ चा. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांना हसून सोडून न देता त्यांनी त्यांना मराठी कादंबरीच्या इतिहासात त्यांची जागा दिली. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या संमेलनात त्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. 'मुक्तामाला'ला तेव्हा बरोबर १०० वर्षे होत होती.

२७/
सारांश सांगायचा तर, मराठी कादंबरीला वाचक मिळवून दिले ते अद्भुतरम्य प्रेमकथांच्या चाहत्यांनी. टीकाकारांचे निबंध जपले गेले, चाहत्यांचे वेड मात्र कुणी लिहून ठेवले नाही. आवडते पुस्तक उशीखाली लपवावे लागले, तर त्याची नोंद कोण ठेवणार? आज तुम्ही जी मालिका रात्री जागून संपवता, तिच्याविषयी दोन ओळी दिनांकासह लिहून ठेवा. काय आवडले, काय खटकले, घरचे काय म्हणाले. पन्नास वर्षांनी तो अस्सल ऐतिहासिक पुरावा असेल.

२८/
आणि एक विनंती, विशेषतः रत्नागिरीकरांना. घराच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, गावच्या वाचनालयाच्या मागच्या कपाटात 'वीरधवल', 'कालिकामूर्ती' किंवा 'मंजुघोषा'ची जीर्ण प्रत सापडली तर रद्दीत देऊ नका. पहिल्या पानावर कुणाचे नाव आहे, समासात काय खरडले आहे, देवघेवीच्या चिठ्ठीवर कोणत्या तारखा आहेत ते पाहा आणि येथे लिहा. आजीला किंवा पणजीला कोणती कादंबरी आवडे, ती कुठे बसून वाचत असे, हेही विचारून सांगा. पुढचा धागा तुमच्या उत्तरांवर बेतू.